भरल्या तांब्याएवढा लॅपटॉप

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असे कोणी विचारले तर उत्तर शोधावे लागत नाही. माझ्या मामांचा. आईचे थोरले भाऊ. कुंभकोणमला मोठ्या रस्त्यावर त्यांचे पितळेच्या भांड्यांचे दुकान होते. आमच्यात वडील माणसाचे नाव तोंडाने घेत नाहीत, म्हणून ते इथेही लिहीत नाही. मात्र निम्म्या गावाची नावे मामांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहेत, तीही पितळेवर.

भांडे विकले की त्यावर नाव घालून द्यायचे, ही दुकानाची रीत. छिन्नी आणि लहानशी हातोडी घेऊन मामा ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर काढत. पुढे विजेचे कोरणयंत्र आले. पैसे अक्षरामागे घ्यायचे, त्यामुळे गिऱ्हाईक लांबलचक मजकूर सांगू लागले की मामाच तो कापून आखूड करत. “इतकें कशाला? देणाऱ्याचें नांव, घेणाऱ्याचें नांव, पुरे.” बहुतेक नावे तमिळमध्ये असत. ज्यांची मुले मुंबई-दिल्लीला होती ते इंग्रजी अक्षरे मागत. मामांची शाळा आठवीत सुटलेली, पण इंग्रजीची सगळी मोठी अक्षरे त्यांच्या हातात बसली होती.

आम्ही मराठे राजांच्या काळात तिकडे गेलेली माणसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी आज लिहितो ती मराठी पुढे नोकरीनिमित्त पुण्यात राहिलो तेव्हा शिकलो. घरची बोली ऐकून तिथले सहकारी म्हणत, तुम्ही जुन्या बखरीतून उठून आलात का.

आमचे घर तिरुनागेश्वरम् गावात. वडील, म्हणजे अप्पा, देवळाच्या स्वयंपाकघरात काम करत. दोन्हीकडच्या घरांत दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. मी बारावी झालो तेव्हा अप्पांनी माझ्यासाठी देवळातच जागा विचारून ठेवली होती. मामा त्या दिवशी सायकलवरून आले, ओसरीवर बसले, ताक प्यायले आणि म्हणाले, “भात शिजवायला ह्यालाच का पाहिजे? तो माझ्याकडे राहील. शिकूं दे.”

“शिकून काय करेल?” अप्पांनी विचारले.

“तें मला काय ठाऊक? मी शिकलों असतों तर सांगितलें असतें.”

ऐंशीच्या दशकातली ती तीन वर्षे मी मामांच्या घरी राहून नदीकाठच्या कॉलेजात गेलो. दुकानाच्या मागेच भांडी ठोकण्याची शाळा, म्हणजे कारखाना, होता. कारागीर दिवसभर हातोड्यांनी पितळ ठोकत आणि त्या आवाजात मी पदार्थविज्ञान पाठ करत असे. निकाल लागला त्या संध्याकाळी मामांनी कपाटातला सर्वांत जाड तांब्या काढला आणि त्यावर माझे नाव घातले. नावापुढे इंग्रजीत बी.एस्सी. अक्षरामागे पैशांचा हिशेब त्या दिवशी त्यांनी बाजूला ठेवला. माझ्या वडिलांचे नाव, गावाचे नाव, सगळे घातले. तेव्हापासून दुकानात येणाऱ्याला पाणी त्याच तांब्यातून मिळे. पाणी पिऊन झाले की मामा तांब्या फिरवून अक्षरांची बाजू पाहुण्यासमोर करत. वाचून होईपर्यंत थांबत.

मी मद्रासला गेलो, संगणकाचा एक वर्ग केला आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या एका लहान कंपनीत लागलो. नव्वदचे दशक असे चालले असताना इकडे मामांचे कान गेले. चाळीस वर्षे त्या ठोकण्याच्या शेजारी बसलेला माणूस. आधी त्यांना चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग देवळाची घंटा, मग माणसे. समोर उभे राहून सावकाश बोलले तर ओठांवरून त्यांना समजत असे. कानाला लावायच्या यंत्राने फक्त गलका वाढतो म्हणून त्यांनी ते काढून ठेवले होते.

त्याच सुमारास त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन सिंगापूरला गेली.

टेलिफोन दुकानात होता, घरी नव्हता; नव्या जोडणीसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षे थांबत. रविवारी सकाळी मुलीचा फोन यायचा. मामी डोक्यावर पदर घेऊन दुकानात येऊन बसायची. मी रजेवर असताना तो रविवार पाहिला आहे. मामी फोनवर बोलत होती आणि मामा हात मागे बांधून, मान जराशी वाकवून तिच्या तोंडाकडे बघत उभे होते. पण मामीने तोंडावर पदर धरलेला, त्यांना ओठ दिसेनात. बऱ्याच वेळाने तिने फोन ठेवला.

“काय म्हणाली?” मामा.

“बरी आहे,” मामी त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली.

“इतका वेळ बोलली, आणि म्हणाली काय तर बरी आहे?”

“आणि काय म्हणायचें?”

मामा गल्ल्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मला म्हणाले, “दोन वर्षें झालीं. माझी मुलगी ह्या दोन शब्दांची झाली आहे. बरी आहे.”

तिला मूल होणार होते. सहावा महिना लागला होता. मामांना दुसरे काही नको होते. तिच्या मनातले तिच्या शब्दांत त्यांना कळावे, मधे कोणी नको, एवढेच. तिची टपालाची पत्रे येत, पण ती साऱ्या घरासाठी असत, सणासुदीच्या नमस्कारांनी भरलेली. ती मला मात्र ऑफिसात ई-मेल पाठवायची आणि तिच्या पत्रांत सगळे असायचे, सिंगापूरच्या पावसापासून सासूच्या औषधांपर्यंत. हे आपल्याला मिळते आणि मामांना मिळत नाही, हे मला सहन होईना.

महामहम तळ्याजवळ तेव्हा नुकतेच एक इंटरनेटचे दुकान निघाले होते. मी मामांना तिथे घेऊन गेलो. अरुंद जिना चढून वर गेलो तर कॉलेजची मुले खुर्चीला खुर्ची लावून बसलेली. मामांच्या शेजारचा मुलगा आपला पडदा सोडून आमच्याच पडद्याकडे बघू लागला. मामा उठले. जिना उतरून खाली आल्यावर म्हणाले, “मुलीचें पत्र आहे. चावडीवर वाचायचें नाहीं.”

मी त्या दिवशी ठरवले की मामांना त्यांचे स्वतःचे यंत्र घेऊन द्यायचे.

ठरवणे सोपे होते. टेबलावरचा संगणक स्वस्तात मिळाला असता, पण ठेवणार कुठे? टेलिफोनची तार दुकानात, आणि दुकानात पितळेची बारीक धूळ, शिवाय गिऱ्हाइकांची ये-जा. घरी ठेवला तर तार नाही. म्हणजे रोज सकाळी पिशवीतून दुकानात न्यायचा, जोडायचा, पत्रे उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी घरी नेऊन निवांत वाचायची. लॅपटॉपच हवा आणि तोही हलका, कारण त्याच वर्षी मामांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी जड उचलायची सक्त मनाई केली होती. नवा लॅपटॉप तेव्हा माझ्यासारख्याच्या आवाक्यात नव्हता. पण परदेशातून आलेले वापरलेले लॅपटॉप मद्रासला, म्हणजे तोवर चेन्नई झालेल्या मद्रासला, माउंट रोडच्या मागच्या गल्ल्यांत मिळत. मला दुकाने माहीत होती. मामा म्हणाले, मीही येतो. न बघता मी आजवर वाटीसुद्धा घेतलेली नाही.

विक्रेत्याने दोन यंत्रे पुढे ठेवली. एक मोठे, जाड, चकचकीत रंगीत पडद्याचे, सीडी आतच बसणारे. दुसरे काळे, चपटे, दोन जाड वह्यांएवढे. पडदा लहान, रंग फिके, फ्लॉपीचा खण वेगळा तारेने जोडायचा. पण कळपट्टी चांगली होती, मोडेमचे कार्ड बाजूच्या फटीत नीट बसत होते आणि पत्रे व साधी पाने त्यावर सहज उघडत होती. मी ते अर्धा तास चालवून पाहिले. किंमतही मला झेपणारी होती. मोठ्याची त्याहून थोडी जास्त.

मामांनी आधी मोठे उचलले. पालथे केले. बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली आणि दुसऱ्या हाताचा तळवा खाली धरला. कान गेल्यापासून भांड्याचा नाद ते असाच तळव्याने घेत. मग लहान उचलले, टिचकी मारली आणि लगेच खाली ठेवले.

“हें पत्र्याचें आहे,” ते मराठीत म्हणाले. बाजारात आपसांत बोलायचे ते मराठीत, म्हणजे दुकानदाराला कळत नाही, ही आमची पिढ्यांची युक्ती. पण मामांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ती गुप्त गोष्ट गल्लीच्या टोकापर्यंत गेली. “पातळ माल. जत्रेच्या लोकांना विकायचा. मोठें घे.”

विक्रेत्याने मला तमिळमध्ये विचारले, “सार, तुमच्याकडे तेलुगू बोलतात का?”

“नाही, मराठी.”

“हे वडीलधारे अय्या काय म्हणतात?”

“म्हणतात, किंमत जास्त आहे.”

“त्यांनी भांड्याला हात लावावा तसा हात लावला,” तो हसून म्हणाला. “पण अय्यांची नजर बरोबर आहे. मोठे घ्या. घर भरल्यासारखे दिसेल.”

मी मामांच्या समोर आलो, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसावेत. “मामा, मोठे तुम्हाला रोज उचलवणार नाही.”

“पोऱ्या उचलेल.”

“पोऱ्या पत्र घेऊन घरी जाईल आणि तुम्ही मागून चालत जाल?”

त्यांनी मोठ्या यंत्रावर हात ठेवला. मग हट्टाने म्हणाले, “तूं देतो आहेस नव्हे? माझा भाचा बी.एस्सी. झाला, मद्रासला कमावतो, आणि मामाला काय दिलें तर हें? दुकानांत चार माणसें बघतील. द्यायचें तें जड द्यावें.”

तेव्हा मला कळले की मामा पडद्याचा किंवा सीडीचा विचारच करत नव्हते. माझ्या मोठेपणाचा करत होते. आमच्या गावात लग्नामुंजीत जे भांडे देतात ते तराजूत तोलून देतात, आणि ज्याचे पारडे खाली जाते त्याची मान वर. मला भरून आले, पण ऐकायचे नाही असेही मी ठरवले होते.

“तुम्ही गिऱ्हाइकांना काय सांगता, मामा? देण्याचे भांडे जड घ्या...”

“...वापरायचें हलकें घ्या,” त्यांनी सवयीने वाक्य पुरे केले आणि माझ्याकडे रागाने पाहिले.

“मग हे देण्याचे नाही. वापरायचे आहे. तुमच्या लग्नातला हंडा माळ्यावर आहे. मामी रोज काय उचलते?”

“तांब्या.”

मी विक्रेत्याची परवानगी घेऊन मोठे यंत्र आमच्या कापडी पिशवीत घातले आणि मामांना म्हटले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. ते गेले. परत आले तेव्हा पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली होती. मग लहान घातले. ह्या खेपेला त्यांना इतका वेळ लागला की मी बाहेर येऊन बघू लागलो. ते टोकाला उभे राहून पेरू विकत घेत होते. पिशवी खांद्याला.

आत येऊन त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. “हातांत काहीं आहे हें विसरलों,” ते म्हणाले. आणि पिशवीतून पेरू काढत, “पण लोकांना काय सांगायचें तें मी बघतों.”

त्यांनी लोकांना काय सांगितले ते दुसऱ्या दिवशी दुकानात समजले. गाडीतून उतरून आंघोळ करून मामा थेट तराजूपाशी गेले. एका पारड्यात लॅपटॉप ठेवला, दुसऱ्यात माझ्या नावाचा तो तांब्या. लॅपटॉपचे पारडे खाली गेले. मामांनी तांब्यात पाणी ओतायला सुरुवात केली. थोडे, आणखी थोडे. तांब्या काठापर्यंत भरला तेव्हा काटा मधोमध आला. शेजारचा पानवाला, समोरचा समयांचा व्यापारी, मागच्या शाळेतले कारागीर, सगळे जमले होते.

“बघा,” मामा सर्वांना तमिळमध्ये म्हणाले. “ह्याची बी.एस्सी. अधिक पाणी. बरोबर तितकाच.”

“पाणी किती शिकलंय?” पानवाल्याने विचारले. सगळे हसले, मामांना ओठ दिसले असावेत, तेही हसले.

मी मोडेमचे कार्ड बसवण्यासाठी टेलिफोनची तार उकलत होतो. वळून बघतो तर मामा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले, उजव्या हातात कोरणयंत्र, आणि झाकणाच्या कोपऱ्यावर खडूने रेघ आखून झालेली. दिलेल्या वस्तूवर नाव घातल्याशिवाय ती दुकानाबाहेर पडत नाही ना. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

“मामा, आतली तबकडी हादरेल. बंद पडेल.”

“नांव नको?”

“यंत्रावर नको.”

ते नाराज झाले. मग कपाटातून पितळेची बोटभर पट्टी काढली, त्यावर नाव घातले आणि ती झाकणाला डिंकाने चिकटवली. माझे नाव, पुढे बी.एस्सी. स्वतःचे नाव घातले नाही. मी विचारले तर म्हणाले, “घेणारा मीच. मला ठाऊक आहे.”

जोडणी लागायला चार-पाचदा नंबर फिरवावा लागला. मोडेम किंचाळू लागले तेव्हा मामांनी लॅपटॉपखाली तळवा सरकवला. “वाजतें आहे,” ते म्हणाले. मग पडद्यावर एक ओळ आली, तिच्या नावाची. मी आदल्या दिवशी चेन्नईहून तिला कळवून ठेवले होते.

पत्र इंग्रजी अक्षरांत पण आमच्या घरच्या मराठीत होते. मी ते सगळे मोठ्या अक्षरांत मागितले होते, कारण मामांना तीच वाचता येत. मी जागा सोडून उठलो. मामा एकेका अक्षराखाली बोट धरून वाचू लागले. गिऱ्हाईक आले, त्याला कारागिराने सांभाळले. वाचून झाल्यावर मामांनी मला बोलावले आणि पडदा माझ्याकडे फिरवला. मी वाचावे, अशी त्यांची इच्छा होती.

तिने मलाही आजवर न कळवलेले लिहिले होते, की मधे दोन महिने तिला डॉक्टरांनी पलंगावरून उठू दिले नव्हते. आता धोका टळला आहे. त्या दिवसांत तिला दुकानातला ठोकण्याचा आवाज फार आठवायचा. इथे इतके शांत आहे की झोप येत नाही. आणि शेवटी आपल्या वडिलांना, म्हणजे मामांना: अप्पा, मी दर रविवारी अम्माला म्हणते की फोन अप्पांच्या हातात दे, त्यांना ऐकू आले नाही तरी चालेल, मी बोलेन.

संध्याकाळी पिशवी खांद्याला लावून मामा घरी गेले. मी बरोबर होतो. मामी ओसरीत फुले ओवत बसली होती.

“दोन महिने पलंगावर होती,” मामा म्हणाले. “तूं मला सांगितलेंस, बरी आहे.”

मामीने सुई खाली ठेवली. त्यांच्याकडे तोंड करून, पण हळू आवाजात म्हणाली, “तुम्हांला सांगितलें कीं तुम्ही तेंच ओरडून विचारतां. मोठ्या रस्त्यावर, चार गिऱ्हाइकांच्या देखत, मुलीच्या पोटाची गोष्ट ओरडून व्हायची होती?”

“घरी सांगायचें.”

“घरी येईपर्यंत तुमचें तोंड बघून माझा धीर जात होता.”

मामांनी पिशवीतून लॅपटॉप काढला, तिच्या पुढ्यात उघडला आणि तिला वाचता येत नव्हते म्हणून स्वतः मोठ्याने वाचू लागले. सगळ्या आळीने ऐकले असणार. मामीने ह्या वेळी त्यांना थांबवले नाही.

मी चेन्नईला परतलो. पुढे मामा त्यावर तमिळ वर्तमानपत्राचे पान बघू लागले, तांबे-पितळेचा भाव बघू लागले, सिंगापूरला पाऊस आहे की ऊन हे मामीला सांगू लागले. पण पत्र लिहायला त्यांनी तीन महिने घेतले. त्यांचे पहिले पत्र मला ऑफिसात मिळाले. सगळी मोठी अक्षरे, भांड्यावर घालतात तसा आखूड मजकूर, एक शब्द जास्त नाही: “मुलगी झाली. दोघी बऱ्या. मला आधीं कळलें.”

मी जे उत्तर पाठवले ते जपून ठेवले आहे. तेही मोठ्या इंग्रजी अक्षरांत होते. इथे आपल्या लिपीत उतरवतो.

“तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. ऑफिसात सर्वांना वाचून दाखवले आणि अर्थ सांगितला. माझ्या साहेबांनी विचारले, तुमचे मामा काय शिकले आहेत. मी म्हटले, त्यांनी मला शिकवले.

मुलगी झाली, हे तुम्हाला आधी कळले आणि तुम्ही मामीला सांगितले, ह्याचा मला माझ्या निकालाच्या दिवसाइतका अभिमान वाटला. मी कॉलेजात काय शिकतो असे तुम्ही विचारायचात आणि मला नीट सांगता यायचे नाही. आता सांगतो. हे शिकत होतो.

झाकणावरची पट्टी सुटत असेल तर डिंक पुन्हा लावा, खिळा मारू नका. पूजेचे कुंकू कळांवर लावू नका, झाकणावर चालेल. पत्रे उतरवून झाली की तार काढून फोनला परत लावा; गेल्या रविवारी मामीला फोन लागला नाही, असे तुमच्या मुलीने मला लिहिले आहे. रविवारी फोन तुमच्याही हातात घ्या. ती बोलते.

नातीचे नाव ठरले की तांब्यावर घाला. तो देण्याचा आहे, जड घ्या.

तुमचा भाचा,
बी.एस्सी.”